तांडा: बैल गेले, वाट राहिली

'तांडा' हा शब्द आज आपण वस्तीसाठी वापरतो. अमुक तांडा, पोस्ट फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ असा पत्ता पाकिटावर लिहिलेला असतो. पण शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर तांडा म्हणजे जागा नव्हेच. तांडा म्हणजे चालणारी माणसे, चालणारे बैल आणि बैलांच्या पाठीवरचा माल. मग एका जागी राहणाऱ्या वस्तीला चालणाऱ्या काफिल्याचे नाव कसे काय चिकटले? नोकरीत असताना असल्या प्रश्नांना सवड नव्हती. आता सवडच सवड आहे, म्हणून जमेल तसे वाचतो, जुनी माणसे भेटली की विचारतो, आणि इथे मांडतो.

प्रश्न केवळ शब्दाचा असता तर मी एवढा वेळ घालवला नसता. आमच्या भागात दिवाळी झाली की तांडे निम्मेअधिक रिकामे होतात. ऊसतोडीचे ट्रक येतात, भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरे भरली जातात, आणि ट्रक पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतात. काही कुटुंबे बांधकामावर पुण्या-मुंबईला, हैदराबादला जातात. मागे म्हातारीकोतारी माणसे आणि कुलपे राहतात. आपण गावातले लोक सहज म्हणून जातो, "यंदा पावसाने दगा दिला, म्हणून गेले बिचारे." पण ज्या वर्षी पाऊस चांगला झाला त्या वर्षीही ट्रक आलेच. शिवाय आमच्याकडचा पाऊस मराठवाड्यातल्या कितीतरी तालुक्यांपेक्षा जास्त. तेव्हा सगळा दोष आभाळावर टाकून मोकळे होता येत नाही.

मला जे वाटते ते आधीच सांगून टाकतो. केव्हा जायचे हे पाऊस ठरवतो. कोणी जायचे हे मात्र त्याच्या फार आधी ठरलेले असते. ते कसे ठरले, त्याचाच हा लहानसा इतिहास आहे.

रेल्वे येण्याआधी आपल्या देशात माल कसा हलत होता, याची कल्पना आजच्या मुलांना करता येत नाही. पक्के रस्ते नाहीत, पावसाळ्यात गाडीबैल चिखलात रुतणार. अशा मुलखात जड माल दूर न्यायचा तर तो बैलांच्या पाठीवर लादूनच. हे काम बंजाऱ्यांचे. (ते स्वतःला गोर किंवा गोरमाटी म्हणतात.) या लदणीच्या धंद्यात समुद्रकाठचे मीठ आत यायचे आणि आतले धान्य, कापूस बाहेर जायचा. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. आकडा अतिशयोक्तीचा मानून निम्मा केला तरी पाच हजार बैल एका ओळीत चालताहेत हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहा. मोगलांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या त्या यांच्याच धान्यावर. १८०३ साली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली असई आणि आपल्या वऱ्हाडातल्या अडगावला लढला, तेव्हा त्याच्या सैन्याच्या पोटाची सोयही बंजाऱ्यांच्या बैलांवरच अवलंबून होती. वऱ्हाडचा कापूस पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत बैलांच्या पाठीवरून जात असे.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या मुलखात पीक बुडाले तिथे धान्य महाग होणार, आणि जिथे महाग तिथे तांडा धान्य घेऊन जाणार. म्हणजे दुष्काळाच्या बातमीने तांडा दुष्काळाच्या दिशेने चालू लागायचा! उन्हाळ्यात जिथे गवत आणि पाणी तिथे जनावरे न्यायची, पावसाळ्यात एखाद्या माळावर मुक्काम ठोकायचा, पुन्हा वाट धरायची. आमच्या पैनगंगेच्या खोऱ्यातली जंगले आणि माळ अशा मुक्कामांना सोयीचे होते. निसर्ग बदलला की माणसानेही जागा बदलायची, ही त्यांची जगण्याची रीतच होती.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. मोठ्या दुष्काळात बैल मरत, रोगराई येई, लुटालूट होई. पण बैल त्यांचे, माल त्यांचा किंवा त्यांच्या बोलीवर घेतलेला, आणि कुठल्या वाटेने जायचे हे तांड्याचा नाईक ठरवी. एवढे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडेल.

१८५३ हे साल शाळेत आपण दोन वेगवेगळ्या धड्यांत शिकवतो. १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, आणि त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. तांड्यांच्या दृष्टीने हा एकच धडा होता, कारण इंग्रजांना वऱ्हाडचा कापूस हवा होता आणि तो नेण्यासाठी रेल्वे हवी होती. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात ते उगाच नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. आमच्या पुसद-महागावकडे रूळ आले नाहीत, पण मुख्य मार्गावरचा लांबचा माल एकदा आगगाडीने जाऊ लागल्यावर बैलांच्या धंद्याला काय उरणार? स्टेशनपर्यंतची जवळची वाहतूक बैलगाड्यांनी घेतली. एका पिढीच्या आत शेकडो वर्षांचा व्यवसाय बसला.

बरे, धंदा गेला तर जनावरे पाळून जगावे म्हटले तर तीही वाट अरुंद होत गेली. कापसाच्या भावामुळे चराईचे माळ नांगराखाली आले. १८६५ आणि १८७८ चे वनकायदे झाले, त्याच धर्तीवर वऱ्हाडातही जंगले राखीव झाली, चराईला पास आणि पैसे लागू लागले. उमरखेडच्या जंगलपट्टीला आपण आजही 'बंदी भाग' म्हणतो, त्या नावातच सगळे आले. आणि १८७१ साली 'गुन्हेगार जमाती' ठरवणारा तो कुप्रसिद्ध कायदा आला. ज्याचे घर नाही, जो हिंडतो, तो संशयित, अशी सरकारची नजर झाली. तो कायदा देशातून जायला १९५२ साल उजाडावे लागले. महाराष्ट्रात बंजारा समाज 'विमुक्त जाती'त मोडतो. विमुक्त म्हणजे कशातून मुक्त, असे वर्गात मुले विचारीत, तेव्हा मला हा सगळा इतिहास सांगावा लागे.

तर अशा रीतीने चालणारा तांडा थांबला. जिथे मुक्काम होता तिथेच तो राहिला आणि त्याचे गाव झाले.

आता कास्तकाराच्या घरात वाढलेल्यांना एक साधा प्रश्न. तांडा थांबला तेव्हा जमीन कुठली शिल्लक होती?

आमच्या शिवारात दोन तऱ्हेची जमीन. नाल्या-नदीकाठची खोल काळी आणि वर माळावरची उथळ, मुरमाड बरड. काळी आधीच गावकऱ्यांच्या नावावर होती. उशिरा थांबणाऱ्याला बरड मिळाली, किंवा काहीच मिळाले नाही. आंध आदिवासींच्या बहुतेक वाड्याही अशाच कडेच्या जमिनीवर. (माहुरापासून पुसदपर्यंत एकदा गाडीच्या खिडकीतून नीट बघा. गाव खाली असते, तांडा वर, उतारावर असतो.)

या दोन जमिनींत फरक काय, हे पावसाचा खंड पडला की समजते. जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवस पाऊस उघडला तर काळीतली पऱ्हाटी पोटातल्या ओलीवर तग धरते. बरडीतली आठवड्यात माना टाकते. पुन्हा, काळीत खरीप गेला तरी ओल धरून हरभरा, गहू होतो. बरडीत विहीर नसेल तर दिवाळीनंतर काहीच उगवत नाही. म्हणजे पाऊस दोघांवर सारखाच पडला, पण एकाला वर्षभर काम आणि दुसऱ्याला पाच महिन्यांचे. उरलेल्या सात महिन्यांचे काय? त्या सात महिन्यांच्या पोटी स्थलांतर जन्माला येते. आपण 'दुष्काळ' म्हणतो तो बरडीवर दर वर्षी दिवाळीला येतो आणि मृगापर्यंत मुक्काम करतो.

पूर्वी ज्वारी होती तेव्हा निदान घरात दाणे आणि ढोरांना कडबा असे. आता कापूस आणि सोयाबीन. दोन्ही विकायची पिके. भाव पडला किंवा शेंगा भरल्या नाहीत की दाणेही विकत आणि चाराही विकत.

मोठ्या दुष्काळांत हा फरक कसा दिसतो याचे पहिले लेखी उदाहरण म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला विक्रम संवत १९५६ वरून 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणतात. तोपर्यंत वऱ्हाड म्हणजे दुष्काळ न शिवणारा मुलूख असा समज होता. कापसाच्या भरभराटीत बाहेरचे लोक पोटासाठी वऱ्हाडात येत. हे वाचून आज खोटे वाटेल! १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती, ती १९०१ मध्ये सुमारे २७ लाख ५४ हजार झाली. दहा वर्षांत वाढायची ती दीड लाखाच्या आसपास घटली. आपला पुसदचा मुलूख तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता (१९०५ नंतर तो यवतमाळला जोडला गेला), आणि वाशीम जिल्ह्यातली घट सरासरीपेक्षाही जास्त होती.

आणि गंमत अशी, की तेव्हा रेल्वे होती. धान्य बाहेरून येऊ शकत होते, येतही होते. माणसे मेली ती बाजारात धान्य नव्हते म्हणून नव्हे, तर हातात पैसा नव्हता म्हणून. आणि अंगातले त्राण गेल्यावर पटकी-हगवणीने. सरकारच्याच १८८० च्या दुष्काळ आयोगाने लिहून ठेवले होते की पाऊस गेला की आधी मजुराचे काम जाते, आणि कामाबरोबर अन्न विकत घ्यायची ऐपत. शंभर वर्षांनी, १९८१ मध्ये, अमर्त्य सेन यांनी हीच गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडली. ज्या तांड्यांनी शतकानुशतके दुष्काळी मुलखात धान्य नेले, त्यांचीच नातवंडे-पतवंडे दुष्काळी कामावर खडी फोडायला रांगेत उभी राहिली असतील, हे माझ्या मनातून जात नाही.

१९७२ चा दुष्काळ मात्र माझ्या पिढीने पाहिला. सतत तीन वर्षे पावसाने ओढ दिलेली. लाल मिलो ज्वारी, सुकडी, खडीची कामे, हे शब्द आमच्या वयाच्या माणसासमोर उच्चारा, तो तासभर बोलेल. पण त्या दुष्काळाची एक बाजू नव्या लोकांना ठाऊक नसते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. नाला बांध, पाझर तलाव, रस्ते. हाल झाले, जनावरे कवडीमोल विकली गेली, पण छप्पन्नसारखी माणसे मेली नाहीत, आणि पुष्कळांना गाव सोडून फार लांब जावे लागले नाही. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक आपल्याच पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यातले होते. बरड जमिनीवर दिवाळीनंतर काय होते हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

यातूनच रोजगार हमी योजना पक्की झाली. कल्पना वि. स. पागे यांची. १९७७ चा कायदा, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून पगारदारांवर व्यवसाय कर बसला. आम्हा मास्तरांच्या तुटपुंज्या पगारातूनही तो कापला जायचा, आणि स्टाफरूममध्ये त्यावर कुरकुरही व्हायची. मला मात्र तो कर देताना कधी जड वाटले नाही, कारण ज्यांच्यासाठी तो होता त्यांची मुले माझ्यासमोर बसलेली असत. २००५ साली तसाच कायदा देशभर झाला आणि यवतमाळ पहिल्या टप्प्याच्या जिल्ह्यांत होते.

मग रोजगार हमी असूनही ट्रक का भरतात?

याचे उत्तर मला एका पालकाने शाळेच्या ओट्यावर बसून दिले. तो म्हणाला, "गुरुजी, रोजगार हमी काम झाल्यावर पैसे देते. मुकादम कामाच्या आधी देतो." बस, एवढेच. पेरणीला बियाणे हवे, दुबार पेरणी आली, घरात आजारपण निघाले, पोरीचे लग्न ठरले. हे सगळे पावसाळ्यात येते, हात रिकामे असताना. तेव्हा मुकादम उचल देतो. ही उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर ऊस तोडायचा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पहाटे अंधारात फडात, पाचटाच्या कोपीत राहणे, मोळ्या डोक्यावरून गाडीत. जितके टन तितका हिशेब, आणि हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस कसा पडेल हे कळायच्या आतच जायचे ठरलेले असते!

ऊस तोडायला जातात तो मुलूख कुठला, हेही पाहण्यासारखे आहे. नीरा, प्रवरा, गोदावरीचे कालवे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला, १९२६ ला भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले. यातले बरेचसे काम दुष्काळी मुलखाला आधार मिळावा, पोटापाण्यासाठी माणसे देशोधडीला लागू नयेत म्हणून हाती घेतले होते. पण त्या पाण्यावर ऊस वाढला, कारखाने उभे राहिले, १९५० मध्ये प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना सुरू झाला. तिथल्या शेतकऱ्याचे त्यात भले झाले, त्याबद्दल आकस नाही. पण स्थलांतर थांबवायला काढलेले कालवेच पुढे महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या हंगामी स्थलांतराचे मुक्कामाचे ठिकाण झाले. आपल्याकडेही पैनगंगेवर इसापूरचे धरण झाले. त्याचा मोठा लाभ नांदेड-हिंगोलीकडच्या कालव्यांना. माळावरच्या तांड्याला पाणी दिसते, पण ते वर चढत नाही.

शिक्षक म्हणून मी हे स्थलांतर हजेरीपटावर पाहिले. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली की नावे पुकारताना मध्येच शांतता पडे. मुले परत येत ती पाडव्याच्या आसपास किंवा त्याहूनही उशिरा. त्यात मुलगे कधी आजीजवळ राहत. मुली मात्र बहुधा आईबरोबर जात, कारण फडात आई ऊस तोडत असताना धाकट्याला सांभाळायला कोणीतरी हवे. पाचवीत पुढच्या बाकावर बसणारी मुलगी सातवीत दिसेनाशी व्हायची. पुढे कळायचे, लग्न झाले. जोडपे म्हणजे कोयता आणि कोयत्याला उचल, या हिशेबात मुलीचे वय कोण पाहणार? सरकारने साखरशाळा काढल्या, हंगामी वसतिगृहे काढली. जिथे ती मनापासून चालली तिथे मुले टिकली. मी स्वतः असे विद्यार्थी पाहिले आहेत जे अशा सोयीमुळे शिकून आज नोकरीला लागले. पण सोय एका वर्षी असे आणि दुसऱ्या वर्षी नसे.

बायकांच्या हालांविषयी तर लिहवत नाही. बीड जिल्हा आपल्यापासून दूर आहे, पण काम तेच आहे म्हणून सांगतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जे आकडे आले, त्यात तिथल्या १३ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढलेली होती. आजारपणात खाडा झाला की दंड, म्हणून दुखणेच कापून टाकायचे.

इथे कोणी म्हणेल, काळीवाले सगळे सुखात आहेत काय? नाहीत. १९ मार्च १९८६ ला आपल्याच महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. तो तांड्यातला भूमिहीन नव्हता, जमीन-विहीर असलेला कास्तकार होता. आजही १९ मार्चला कित्येक जण अन्नत्याग करून तो दिवस पाळतात. कर्जात अडकलेल्या, अब्रूला जपणाऱ्या काळीवाल्याला ट्रकमध्ये बसून जाताही येत नाही. जाऊ न शकणे हीसुद्धा एक दुर्बलता आहे, तिचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

आणि आपण? हा लेख वाचणारे माझे बहुतेक नातलग पुण्यात, नागपुरात, काही तर सातासमुद्रापार. आपणही गाव सोडलेच की! आपल्याकडेही पाऊस कमीजास्त झाला, कापसाने दगा दिला, शेतीत राम राहिला नाही म्हणूनच वडीलधाऱ्यांनी मुलांना शिकायला बाहेर धाडले. फरक भाषेत पाहा. आपली मुले गेली तर आपण म्हणतो, "पुढे गेला." तांड्यातला गेला तर म्हणतो, "जगायला गेला." आपल्या मागे काळीतले वावर होते, ते विकून किंवा गहाण टाकून फी भरता आली. आपण डिग्री घेऊन गेलो, ते उचल घेऊन गेले. डिग्री घेऊन गेलेला माणूस कुठे जायचे ते स्वतः ठरवतो. उचल घेतलेल्याचे दुसरा ठरवतो.

म्हणून मी वर म्हटले होते, एवढे लक्षात ठेवा. गोरमाटी समाज शेकडो वर्षे चालत होता, तेव्हा चालणे ही त्याची ताकद होती, कारण बैल त्याचे आणि वाट त्याची. आजही तो चालतोच आहे. बैल गेले, माल गेला, वाट ठरवण्याचा हक्क गेला, चालणे तेवढे उरले. स्थलांतर वाईट की चांगले, असा प्रश्न मला आता चुकीचा वाटतो. जाणाऱ्याच्या हातात काय आहे, हे विचारावे.

हे आता विचारायची घाई आहे, त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे पावसाची तऱ्हाच बदलली आहे. पुण्याच्या हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. आम्हाला ते जुलै २०२३ मध्ये घरबसल्या दिसले. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. अशा पावसात काळी चिबडते, पण बरड खरडून जाते. चिबडलेली जमीन पुढच्या वर्षी पिकते. खरडून गेलेल्या जमिनीवर माती परत यायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

दुसरे कारण म्हणजे हार्वेस्टर. ऊस तोडणारी ही यंत्रे कारखान्यांकडे वाढत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली तेव्हा मजुरांना आनंद झाला, पण मजूर महागला की यंत्र स्वस्त वाटू लागते हा बाजाराचा नियम आहे. कोयता बंद पडावा असे मलाही वाटते. ते काम माणसाने, त्यातून गरोदर बाईने करण्यासारखे नाही. पण रेल्वे आली तेव्हाही बैलांना विश्रांतीच मिळाली होती. बैलांच्या मालकाचे पुढे काय, हे कोणी विचारले नाही. त्या न विचारण्याची किंमत दीडशे वर्षे वसूल होते आहे. उद्या कोयता गेल्यावर तांड्याच्या हातात काय द्यायचे, हे या वेळी तरी आधी विचारायला हवे.

मी काही तज्ज्ञ नाही. पण डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. उतारावर जिथे धुरे घातले, नाले अडवले, शेततळी झाली, तिथे दोन-चार घरे दिवाळीनंतरही हरभऱ्याला थांबली. सुधाकरराव नाईकांनी पाणी अडवण्याचा ध्यास घेतला होता तो याचसाठी. जिथे बचत गटातून पावसाळ्यात पाच-दहा हजार वेळेवर मिळाले, तिथे एखाद्या घराने उचल घेतली नाही. आणि जिथे वसतिगृह चालू राहिले, तिथली मुलगी दहावीपर्यंत पोचली. तिन्ही गोष्टी छोट्या आहेत. तिन्हींत माणसाच्या हाती थोडेसे आधी काहीतरी पडते, मुकादमाच्या आधी.

माझी एक विनंती आहे. आपापल्या घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांना विचारा. बहात्तरात कोण कुठे गेले, कोणाच्या बळावर गेले, परत आले का. तांड्यातल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांच्या लदणीच्या आठवणी घरात विचारून मला कळवाव्यात, गोरबोलीत सांगितल्या तरी चालेल, मला समजते. या लोकांचा इतिहास ताम्रपटांत आणि गॅझेटांत थोडा आणि त्यांच्या गाण्यांत, गोष्टींत जास्त आहे. ती सांगणारी माणसे आता दिवाळीनंतर कुलपाशेजारी एकटी बसलेली असतात. त्यांना वेळ आहे. आपण काढायला हवा.